बिनमातीची तंबाखू

"मारलंस रं पोरा, मारलंस! मातीत घाल ते! आरं, मातीत घाल!"

बेळगावच्या वडगावातल्या त्या घराच्या पायरीला मी सायकल टेकवतोय तोच हा आवाज कानावर आदळला. आवाज असा, की शेजारच्या घरातले हातमाग खटखट करायचे थांबले. माझ्या सायकलीची घंटी आपोआप वाजली, असं मी आजवर सांगत आलोय. त्यात थोडी भर असेल, पण थोडीच. आत मारामारी चाललीय की काय म्हणून मी उंबऱ्याशी धावलो आणि बघतो तर घरची सून स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी. ती हसत होती आणि त्याच पदरानं डोळे पुसत होती. ज्याच्या नावानं हा शंख चालला होता तो तिचा नवरा, हायस्कुलातला शास्त्राचा मास्तर, खिडकीशी हातात सायकलचा पंप घेऊन उभा होता. शिव्या खाणाऱ्या माणसाच्या तोंडावर इतकं समाधान मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

ओरडणारे होते मास्तरांचे वडील, आप्पा. खाटेवर उशांना टेकून बसलेले, मिशा पांढऱ्याशुभ्र, उजवा हात मांडीवर पडलेला आणि डावा हात खिडकीकडे रोखलेला. आणि ज्याच्यावरून हा सगळा दंगा, ते खाटेलगतच्या, खिडकीतल्या टेबलावर होतं. लोणच्याची असते तसली मोठी काचेची बरणी, तिला काळं फडकं गुंडाळलेलं, तोंडावर भोकाचं लाकडी झाकण आणि त्या भोकातून वर आलेलं तंबाखूचं एक झाड. बरणीत मातीचा कण नाही. नुसतं पाणी.

"तात्या, या," मास्तर म्हणाले. "आजारी आहे. बघता का जरा?"

"कोण? आप्पा?"

"नाही हो. झाड."

आता मी कोण ते सांगतो. मी मूळचा उचगावचा, शेतकऱ्याचा पोर. पण उभा जन्म बेळगावच्या कॅम्पात साहेबलोकांच्या बागा राखण्यात गेला. साहेब बदलत गेले, मी तिथंच. आणि फावल्या वेळात गावातल्या लोकांच्या कुंड्या बघायचो. माणसांना वैद्य असतो, बैलांना असतो, तसा मी झाडांचा वैद्य. माझं नाव निपाणीपर्यंत होतं. मी नुसता अंगणात उभा राहिलो की सुकलेली जास्वंद लाजून ताठ व्हायची. हे मी म्हणत नाही, जास्वंदीला विचारा.

धंद्यातलं गुपित म्हणाल तर एकच. आजारी झाडाकडे मी सगळ्यात शेवटी बघायचो. आधी घरातल्या माणसांचे हात बघायचो. शेतातलं झाड पावसानं, किडीनं, ढोरानं मरतं. घरातलं झाड मात्र बहुतेक वेळा कुणाच्या तरी मायेनं मरतं. एका वकिलांच्या कचेरीत क्रोटनची कुंडी होती. पानं चकाकायची, आरशासारखी, आणि झाड दिवसेंदिवस खंगत चाललेलं. मी खत बदललं, माती बदलली, काही फरक नाही. मग एका शनिवारी मी तिथं मुद्दाम जाऊन बसलो. वकिलांचे वडील मारुतीला तेल घालून परत आले आणि वाटीत उरलेलं तेल त्यांनी भक्तिभावानं क्रोटनच्या पानापानाला चोळलं. पानालाही श्वासाला बारीक नाकं असतात म्हणा ना. त्या बिचाऱ्याची सगळी नाकं तेलानं बुजलेली. मी साबणाच्या पाण्यानं पानं पुसली आणि वडिलांना सांगितलं, "हे झाड तुळशीच्या गोत्रातलं आहे, ह्याला नुसतं पाणी चालतं, तेल नाही." त्यांना पटलं. क्रोटन अजून आहे.

तर मातीवाचून झाड वाढवणं मला नवीन नव्हतं. कॅम्पातली एक मडमीण विलायतेहून कांदे मागवायची आणि काचेच्या पेल्यात पाण्यावर ठेवून दिवाणखान्यात त्यांची फुलं काढायची. मुळाला अंधार लागतो आणि मुळालाही श्वास लागतो, हे मी त्या पेल्यांपाशी शिकलो. पण कांद्याच्या पोटात त्याची शिदोरी असते. तंबाखूच्या पोटात काय असणार? तिला पाण्यातूनच सगळं जेवण द्यावं लागतं, आणि ते जेवण मास्तरांनी कसं जमवलं होतं ते ऐका. पुण्याला कॉलेजात असताना त्यांनी हे शिकून घेतलेलं. तिकडं महायुद्ध चालू, मुंबईहून औषधं मिळेनात. म्हणून सोरा आणला दारूकाम करणाऱ्याकडून, हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणला वडगावच्याच रंगाऱ्याकडून आणि जुलाबाचं मीठ आणलं दवाखान्यातून. त्या मिठासाठी इतक्यांदा गेले, की कंपाउंडरनं काळजीनं विचारलं म्हणे, "मास्तर, अजून साफ नाही?" हे सगळं चिमूट-चिमूट तोलून पावसाच्या पाण्यात विरघळवायचं, आणि रोज सकाळी सायकलच्या पंपानं नळीतून पाण्यात हवा सोडायची. बुडबुड, बुडबुड. झाडाला नाश्ता.

आणि हा खटाटोप कशापायी? मास्तरांच्या बायकोनं, शांतावहिनींनी, मला चहा देताना स्वयंपाकघरात दबक्या आवाजात सांगितलं.

आप्पा निपाणीजवळच्या बोरगावचे. पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू करणारं घर. तंबाखूशिवाय दुसरं पीक त्यांना पीकच वाटायचं नाही, जोंधळ्याला ते पाहुणा म्हणायचे. थोरला मुलगा शेतात राहिला, हा धाकटा पुस्तकात गेला. हा गेला त्या दिवसापासून आप्पांनी ह्याच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलेलं. मग एके दिवशी रानातच आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर बेळगावात, म्हणून त्यांना इथं आणलं. डॉक्टरांनी पहिली गोष्ट बंद केली ती तंबाखू. आणि आप्पांनी पहिली गोष्ट केली ती ही, की भिंतीकडे तोंड करून पडले. अख्खा उन्हाळा त्या माणसानं भिंत बघितली. सुनेशी 'पाणी' आणि 'बास' एवढे दोन शब्द. मुलाशी तेवढेही नाहीत.

"ह्यांनी काय काय केलं, तात्या," वहिनी म्हणाल्या. "पेपर वाचून दाखवला, भजनी मंडळ आणलं. मामंजी वळले न्हाईत. मग ह्यांनी बोरगावचं बी आणून हे झाड लावलं. पान तळहाताएवढं झालं त्या दिवशी मामंजी कुशीवर वळले. इकडं. झाडाकडं. रोज बघत पडायचे, पण बोलणं न्हाई. आणि आज बोलले. तुम्ही ऐकलंत न्हवं? ह्यांना शिव्या दिल्या!"

पदर पुन्हा डोळ्यांना गेला.

"ते झाड तेवढं जाऊ देऊ नका. ते गेलं तर मामंजी परत भिंतीकडं तोंड करतील. आता वळले तर पुन्हा न्हाईत वळायचे."

मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "वहिनी, यम दारात आला तरी मी त्याला कुंडी धरायला लावीन." तोंडानं म्हणालो खरा. आणि चहा तसाच टाकून उठलो.

मग मी झाड बघितलं. दोन खोडी होत्या. एक म्हणजे शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्या, जणू कुणी हिरव्या दोऱ्यानं पिवळ्या फडक्यावर जाळी विणलीय. दुसरी म्हणजे खालची पानं गायब. मास्तरांना वाटत होतं पिकून गळाली. पण तंबाखूचं पान गळत नाही, जाग्यावर वाळून लोंबतं. आणि इथं खोडावर कशा स्वच्छ खुणा, नखानं खुडल्यासारख्या. मी गंभीर चेहरा करून निदान सांगितलं.

"उंदीर."

"उंदीर तंबाखू खातो?" मास्तरांनी विचारलं.

"निपाणीकडचे खातात," मी म्हणालो.

खाटेवरून 'हुं' असा आवाज आला. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. मी टेबलाखाली सापळा लावला, त्यात भाकरीचा तुकडा अडकवला. पुढच्या खेपेला बघतो तर सापळा तसाच, भाकरी तशीच आणि झाडाचं आणखी एक पान गेलेलं. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत हुशार उंदीर.

पण शेंड्याच्या पिवळेपणाचं निदान मी सहजासहजी सोडणार नव्हतो. साहेबांच्या गुलाबांना असं झालं की मी एक युक्ती करायचो. लोहाची भूक लागली की कोवळं पान असं जाळीदार पिवळं होतं. खरंच तीच भूक आहे का हे झाडालाच विचारायचं. चिमटीभर हिराकस भांडंभर पाण्यात घालायचा आणि कुंचल्यानं पिवळ्या पानाच्या एकाच अंगाला लावायचा, दुसरं अंग कोरडं ठेवायचं. मी तसं केलं. पुढच्या वेळी गेलो तर कुंचला फिरला होता तेवढाच पट्टा हिरवा झालेला. अर्धं पान हिरवं, अर्धं पिवळं. एका पानात आषाढ आणि वैशाख शेजारी शेजारी.

"म्हणजे ह्याला लोह हवंय," मास्तर म्हणाले, "पण पाण्यात तर मी लोह भरपूर घातलंय!"

"ताटात वाढलेलं आहे, पण घास गिळता येत नाही," मी म्हणालो. फडकं सोडून बघितलं तर बरणीच्या तळाला तांबूस गाळ बसला होता, गंजासारखा. वाढलेलं सगळं ताटाखाली सांडलेलं.

तेव्हा मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी शाळेतून लिटमसचे कागद आणले. लाल कागद पाण्यात बुडवला, तो निळा झाला. मास्तर कागदाकडे बघतच राहिले. मला त्यांनी समजावलं ते असं. पाणी किंचित आंबट असलं तर लोह विरघळून राहतं आणि मुळं ते पितात. पाण्यात खार किंवा चुन्यासारखं काही मिसळलं की लोहाचा गाळ होतो आणि झाड भरल्या ताटाशी उपाशी राहतं. "पण मी केलं तेव्हा पाणी आंबट होतं. मी स्वतः तपासलं होतं. पावसाचं पाणी, त्यात चुना येणार कुठून?"

पाणी बदललं. नवं पाणी केलं, कागद लालचा लाल राहिला. आठवड्यानं मी गेलो तर पुन्हा निळा. मास्तरांचा चेहरा उतरला. आप्पा खाटेवरून गरजले, "सांगतोय तरी कवाधरनं! मातीत घाल! बरणीत लोणचं घालत्यात, रान न्हाय!" मास्तरांनी पिशवी उचलली. शाळेला निघाले तेव्हा दारातून एकदा वळून बघितलं, झाडाकडे नव्हे, बापाकडे. ह्या माणसाला परीक्षेत नापास व्हायची सवय नव्हती आणि हा पेपर तर त्यानं जन्मात एकदाच मिळणार म्हणून सोडवायला घेतला होता.

मी ठरवलं, आज इथून हलायचं नाही. टेबलाच्या पलीकडे, भिंत आणि बरणी ह्यांच्या मधे जमिनीवर बसून मी काळं फडकं सोडलं आणि मुळं बघू लागलो. ती रोडावलेली, तांबूस झालेली. त्या कोपऱ्यात मी असा दडून गेलो होतो, की आप्पांना मी निघून गेलो असंच वाटलं असणार. मी एवढा आडदांड माणूस दडतो कसा, असं तुम्ही विचाराल. त्या काळी मी बारीक होतो. हसू नका.

तेवढ्यात दाराबाहेर बांगड्या वाजल्या. किणकिण, आणि मागोमाग हलकासा खोकला.

आपल्याकडे सून सासऱ्याच्या खोलीत एकदम शिरत नाही. आधी बांगड्या वाजवते, खाकरते, मग पाऊल टाकते. म्हातारं माणूस आवरून-सावरून बसलेलं असावं, ही त्यातली मर्यादा. शांतावहिनी तर फारच मर्यादेनं वागणाऱ्या. त्यांचा खोकला झाला आणि पावलं यायला जरा अवकाश राहिला. तेवढ्या अवकाशात माझ्या डोळ्यांसमोर, काचेच्या पलीकडे, झाकण एका कडेनं जरा सरकलं आणि पाण्यात वरून एक बोट उतरलं.

गोल बरणीतून ते केवढं दिसलं म्हणून सांगू! मगरीएवढं. टोकाला पांढरंशुभ्र. त्या बोटापासून पाण्यात पांढरा धूर निघाला आणि मुळांभोवती पसरला. बोट दोनदा खळबळलं, अंगठा येऊन त्याच्याशी घासला गेला आणि जोडी वर निघून गेली.

मी हळूच डोकं वर काढलं. आप्पांनी डावा हात धोतराला पुसत माझ्याकडे बघितलं. वहिनी दूध ठेवून परत गेल्या.

"बगितलंस?" आप्पा म्हणाले.

"बगितलं."

"मास्तरला सांगू नगंस."

"आधी मला दावा."

त्यांनी गादीची कड वर केली. खाली तंबाखूची पानं. खालची गेलेली पानं! एकावर एक, देठं एका बाजूला, टोकं एका बाजूला, वखारीत रचतात तशी नीट रचून, अंगाच्या उबेनं वाळवलेली. उशीखाली वहिनींच्या पानाच्या डब्यातली चुन्याची डबी. मग त्यांनी मला मळून दाखवली. लुळा उजवा हात मांडीवर उताणा घेतला, त्या तळव्यावर पानाचा चुरा आणि चुन्याचा ठिपका टाकला आणि डाव्या अंगठ्यानं मळायला लागले. आणि मी बघत राहिलो. चुरा सांडू नये म्हणून तो मेलेला हात वाकत होता. बोटं हळूहळू, थरथरत, वाटीसारखी जवळ येत होती. डॉक्टरांनी त्या हाताला तेल लावून चोळा, हलवा, म्हणून कितीदा सांगितलं होतं. आप्पांनी हात लावू दिला नव्हता. तंबाखूसाठी मात्र तो हात उठत होता.

मी खाली बसलो.  म्हणालो, "आप्पा, तुमची तंबाखू तुम्हाला लखलाभ. पण ते चुन्याचं बोट बरणीत बुडवू नका. त्या चुन्यापायी पीक पिवळं पडलंय."

"काय म्हणतोस?"

"लिटमस निळा होतो तो तुमच्या बोटानं. सूनबाई खोकल्या की तुम्ही घाईनं बोट धुता. शेतात चाललं असतं, माती सोसते. पाणी सोसत नाही."

आप्पांनी मान वळवून झाडाकडे बघितलं. जन्मभर त्या हातांनी लाखो रोपं लावली असतील. भलता फुटवा राहिला तरी रात्रीची झोप न लागणारा माणूस.

"म्या मारतोय व्हय ह्याला?" ते म्हणाले. "आन्‌ शिव्या पोराला देतोय."

त्यांनी चुन्याची डबी माझ्या हातात दिली. "जा घिऊन." ती मी जाता जाता वहिनींच्या पानाच्या डब्यात परत ठेवली.

माझं काम झालं, असं मला वाटलं. पाणी बदललं. पुढच्या खेपेला कागद लाल राहिला, शेंड्याचं नवं पान पोपटासारखं हिरवं फुटलेलं. मास्तर पंप घेऊन लहान मुलासारखे खोलीभर फिरत होते. "तात्या, काय केलंत?" मी म्हणालो, "मंत्र मारला." मला वाटलं आप्पांचा 'हुं' येईल. आला नाही. आप्पा उताणे पडून आढ्याकडे बघत होते.

वहिनींनी मला पायरीवर गाठलं. "मामंजींनी सोडली," त्या म्हणाल्या.

"काय सोडली?"

"उगीच का विचारता? माझा डबा त्यांच्या हाताशी ठेवून त्यातला चुना मीच भरत होते की रोज! हात हलतोय हे मला दिसत न्हवतं व्हय? म्हणून तर मी एवढ्या लांबनं खोकायची, की मामंजींना आवरायला वेळ मिळावा. आता चुना तसाच ऱ्हातोय. आणि हात परत पडलाय."

मी कपाळावर हात मारला. बघा आता! त्या घरात कुणी कुणाचं वाईट करत नव्हतं. मुलगा बापासाठी झाड जगवत होता. सून सासऱ्यासाठी चुना भरत होती आणि मर्यादेनं खोकत होती. सासरा सुनेची लाज राखायला बोट धूत होता. आणि आता मुलाच्या पिकासाठी त्यानं तंबाखू सोडली होती. एवढ्या मायेत झाड सापडल्यावर त्यानं पिवळं पडू नये तर काय करावं!

"डॉक्टर काय म्हणतील?" मी विचारलं.

"डॉक्टर तंबाखू नको म्हणतात. हात हलवा असंबी म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "मी त्यांचं अर्धं ऐकते."

मी त्यांना एक तोडगा सांगितला. दुसऱ्या दिवसापासून आप्पांच्या उशाशी, बरणीच्या अलीकडे, पाण्यानं भरलेली एक पितळी वाटी दिसू लागली. ती कशासाठी हे वहिनींनी सांगितलं नाही आणि आप्पांनी विचारलं नाही. बांगड्या वाजत, खोकला होई, बोट वाटीत बुडे. इतक्या सोप्या औषधाला मी आयुष्यात कधी पैसे घेतले नाहीत, आणि इतकं गुणकारी दुसरं कधी दिलं नाही.

झाड उधळलं. पानं अशी पसरली, की खिडकीतून आत येणारा उजेड हिरवा व्हायचा आणि मास्तर चष्मा पुसत बसायचे. शेंड्याला कळी आली तेव्हा आप्पांनी हुकूम सोडला, "शेंडा खुड." मास्तर घुटमळले, त्यांना फूल बघायचं होतं. "फूल बगायचंय तर झेंडू लाव. तंबाखूचं फूल म्हंजे पानाचा चोर. हां, नखानं. तितं न्हवं, खाली. हां, तितं." शास्त्राचा मास्तर बापाच्या बोटाच्या इशाऱ्यावर नख चालवत होता. मला खेद एवढाच, की त्यापायी त्या झाडाचं बी धरायचं राहिलं. नाहीतर आज बेळगावात घरोघरी बरण्या असत्या आणि बोरगावकर उपाशी मेले असते.

मग दिवाळी आली. मी फराळाला म्हणून गेलो आणि पाणी बदलायला बसलो. त्या सकाळी मास्तरांनी आप्पांना आरामखुर्चीत उचलून ठेवलं आणि म्हणाले, "सणाचं गादीला ऊन देऊ या." मला, वहिनींना, आप्पांना, तिघांनाही एकदम ठसका लागला. पण उशीर झाला होता. मास्तरांनी गादी उचलली.

पानं तशीच होती. एकावर एक, देठं एका बाजूला. पिकलेली, करडी-पिवळी.

मास्तर गादी हातात धरून उभे.  आप्पांनी मान खाली घातली होती. उजवा हात मांडीवर, बोटं अर्धी मिटलेली. वहिनींनी पदराचं टोक दातात धरलं. मी बरणीतल्या पाण्यात इतकं लक्ष घातलं, की नाक बुडालं.

मास्तरांनी गादी ठेवली. एक पान उचललं. उजेडात धरून शिरा बघितल्या. मग ते पान मुठीत चुरगाळलं आणि मूठ उघडली. पान हळूहळू आपल्या आपण उलगडलं. मास्तरांनी ते नाकाशी नेलं. तंबाखूची पारख अशी करतात, कुणी पुस्तकात लिहीत नाही. ती बोरगावच्या अंगणात पोराला आपोआप येते. इतकी वर्षं ती त्या हातांत झोपून राहिली होती.

ते खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले. त्यांचं शहरातलं बोलणं कुठं गेलं कुणास ठाऊक.

"आप्पा," ते म्हणाले, "कशी हाय?"

आप्पांनी वर बघितलं नाही. उजवा हात उचलला, थरथरत, आणि पान मास्तरांच्या हातातून काढून घेतलं.

"बरी हाय," ते म्हणाले. "फुडल्या साली दोन लाव."